दांडा तासून राह्यला होता

"मॅडम, ये आदमी वेट क्यों कर रहा था?"

दिल्लीहून वकिलाचा फोन होता. अहेरीतल्या एकुलत्या एक चालू एसटीडी बूथमध्ये मी रिसीव्हर कानात कोंबून उभी होते. मागे आठवडी बाजार ऐन भरात.

"कोण वेट करत होतं?" मी विचारलं.

"आपका ऋषी. लाठी छीलकर वेट कर रहा था. जज साहब ने पढ लिया. बोले, अब बचा क्या है? अगली तारीख दी है."

ऋषी माझा पक्षकार. मुलचेऱ्याकडच्या एका खेड्यातला. शेजारच्या किसनचे बैल त्याच्या धानात शिरले, त्यावरून दोघांचं वाजलं, ऋषीने हातातलं लाकूड किसनच्या डोक्यात घातलं. एकच फटका. किसन दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. त्याचीही बायकापोरं उघड्यावर पडली, हे मी विसरलेले नाही. ऋषीने मारलं, हे कुणीच नाकारत नव्हतं. प्रश्न एवढाच होता की हा खून की सदोष मनुष्यवध. वाचकांना दोन्ही सारखेच वाटतील. मेलेल्यालाही वाटत असावेत. पण ठरवून मारलं तर जन्मठेप, आणि भांडणाच्या भरात हात उठला तर सहसा दहा वर्षांच्या आत. सेशन कोर्टाने जन्मठेप दिली. हायकोर्टाने ती कायम केली. ऋषी जेलमध्ये, त्याची बायको शेवंता माझ्या ऑफिसच्या पायरीवर.

आता सुप्रीम कोर्टाविषयी दोन शब्द. लोकांना वाटतं, खाली हरलो की वर जायचं. तसं नसतं. वर जाण्यासाठी आधी वर जायची परवानगी मागावी लागते. तिला विशेष परवानगी याचिका म्हणतात. एखाद्या लग्नाला जाऊन मांडवाच्या दारात 'जेवायला येऊ का' असं विचारायचं, आणि यजमानाने बहुतेकांना दारातूनच 'नको' म्हणायचं, अशी ती पद्धत आहे. त्यात दोन कोर्टांनी एकच निष्कर्ष काढला असेल तर तिथले न्यायमूर्ती पुरावा पुन्हा उकरत नाहीत. ते फक्त पाहतात की खाली काही साफ चुकलंय का. आणि जे पाहतात ते इंग्रजीत. म्हणून सगळ्या साक्षी भाषांतर करून लावाव्या लागतात.

आमचं घोडं तिथेच पेंड खात होतं.

खटल्यात डोळ्यांनी पाहणारी साक्षीदार एकच होती, शेजारची लक्ष्मीबाई. तिने सांगितलं होतं, "रुषी आंगणात कुऱ्हाडीचा दांडा तासून राह्यला होता. किसन आला. दोघायचं भांडन झालं. रुषीनं हातातला दांडा हानला." सेशन कोर्टाने शब्द न शब्द तसाच उतरवून घेतला होता. आमच्याकडे 'तासून राह्यला होता' म्हणजे तासत होता. शेंबड्या पोराला कळतं. पण दिल्लीतल्या भाषांतरकाराने शब्दकोश उघडला. राहणे म्हणजे थांबणे. झालं! 'ऋषीने काठी तासली आणि तो थांबून राहिला.' स्वतःच्या अंगणात कुऱ्हाडीला दांडा बसवणारा माणूस एका वाक्यात दबा धरून बसलेला मारेकरी झाला.

शेवंताला सांगितलं तेव्हा ती उसळली.

"वाट कोनाची पायते तो? त्याच्याच घरचं आंगण होतं ना, वकीलबाई! सांजच्याले माणूस आपल्या आंगणात नाई बसन त कुठी बसन?"

"मला कळतं गं. त्यांना कळवायचं आहे."

"मंग तुमी जा. तुमाले दोनी भाषा येते."

बल्लारशाहून गाडी धरली. माझ्या शिंपी अब्बांनी शिवलेला काळा कोट पिशवीत घडी करून. दिल्लीच्या सडपातळ कोटांमध्ये तो गोणपाटासारखा दिसत होता, पण शिवण पक्की होती.

सुप्रीम कोर्टात आमच्या आधी एक दिवाणी अपील चाललं होतं. कुठल्याशा शहरातल्या जागेचं. मूळ वादी वारला होता, प्रतिवादीही वारला होता, दोघांचे वारस मोठमोठे वकील लावून भांडत होते. दिवाणीचं हे बरं असतं. माणसं मरतात, दावा मात्र तब्येत राखून असतो. तिथे कुणालाच घाई नव्हती. फौजदारीत मात्र एक जिवंत माणूस रोज सकाळी गजांमागे उठत असतो, म्हणून ते आटोपशीर असतं. आमच्या वाट्याला पाचसात मिनिटं येणार होती.

पुकारा झाला. दिल्लीच्या वकिलाने सांगितलं, भाषांतरात चूक आहे. सरकारी वकील उठला. पश्चिम महाराष्ट्रातला, तरुण, अत्यंत शुद्ध.

"माय लॉर्ड, मराठी माझी मातृभाषा आहे. राहिला म्हणजे थांबला. दुसरा अर्थ नाही."

मातृभाषा त्याची होती, साक्ष आमच्याकडची. पण शुद्ध बोलणाऱ्या माणसाशी कोर्टात वाद घालणं अवघड असतं. दोघा न्यायमूर्तींपैकी ज्येष्ठ त्याच्या बोलण्यावर मान डोलवू लागले. आता 'डिसमिस्ड' एवढा एकच शब्द यायचा बाकी होता, आणि तो आला की ऋषीचं सगळं आयुष्य जेलमध्ये.

मी पुढे होऊन बोलायची परवानगी मागितली. माझ्या कोटाकडे एक नजर टाकून त्यांनी ती दिली.

"याच साक्षीत पुढच्या दोन ओळी वाचाव्यात," मी म्हटलं. लक्ष्मीबाई तिथे म्हणाली होती की ती भात रांधून राह्यली होती आणि किसनचा कुत्रा भुकून राह्यला होता.

भाषांतरकार माणूस प्रामाणिक. एकदा अर्थ धरला की शेवटपर्यंत सोडला नव्हता. न्यायमूर्तींनी मोठ्याने वाचलं. साक्षीदार बाईने भात शिजवला आणि ती थांबून राहिली. कुत्रा भुंकला आणि थांबून राहिला.

मग त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे आरोपी वाट पाहत होता, साक्षीदार वाट पाहत होती आणि कुत्राही वाट पाहत होता? मग सरकारने कटाचा गुन्हा का नाही लावला?"

सरकारी वकिलाने मातृभाषा सोडून खाली पाहिलं. पण पोरगा खोटा नव्हता. "या दोन ओळींत तो अर्थ बसत नाही," असं त्यानेच कबूल केलं.

परवानगी मिळाली आणि तिथल्या तिथे अपीलही ऐकून टाकलं. अचानक भांडण, एकच फटका, हातात होतं तेच लाकूड. खून नाही, सदोष मनुष्यवध. भोगली तेवढी शिक्षा पुरे, सोडून द्या. निकाल दीड पानांचा. त्यात कुत्र्याचा उल्लेख नाही, लक्ष्मीबाईच्या बोलीचा नाही. 'पुराव्याचा साकल्याने विचार करता' असं लिहिलंय. वाचणाऱ्याला वाटेल, फार खोल विचार झाला.

तेव्हापासून साक्ष चालू असताना 'राह्यला' आलं की मी उठून त्याचा अर्थ तिथेच कंसात लिहून घ्यायला लावते. नवे न्यायाधीश वैतागतात. वैतागू देत. दिल्लीपेक्षा हे जवळ पडतं.

ऋषी सुटल्यावर तो आणि शेवंता पेढे घेऊन आले. सोबत मुलगी. तो आत गेला तेव्हा ती पोटात होती, आता शाळेत जात होती. ऋषीने तिला पेढा द्यायला हात पुढे केला, तर ती शेवंताच्या पदराआड गेली.

"काका म्हन्ते त्याले," शेवंता हळूच म्हणाली. "कितींदा सांगतलं, बाप व्हय तुहा. आयकत नाई. वकीलबाई, हे कोन्या कोर्टात दुरुस्त होते?"

मला खूप वाईट वाटलं. मी वकिलासारखंच उत्तर दिलं. निकालात टायपिंगची चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज करता येतो, म्हटलं. ही त्यात बसत नाही.