गिरणी विकायची नाही

निर्मलावहिनीनं गिरणी हौसेनं चालवायला घेतली नव्हती. सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावात माझ्या मोठ्या भावाची, देवाजीची, धान भरडायची छोटी गिरणी आहे. वीस वर्षं कोंड्याची धूळ छातीत गेली आणि दादाला दमा जडला. डॉक्टरांनी गिरणीत पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं नाकातोंडाला दुपट्टा बांधला आणि स्वतः मोटार सुरू केली. गावानं आठवडाभर नवल केलं, मग धानाची पोती, आमचे बोरे, आणून टाकायला लागलं.

सात-आठ वर्षं बरी गेली. मग तुमसरच्या रस्त्यावर भैयाजींची मोठी राइस मिल उभी राहिली. त्यांची गाडी घराघरांतून धान उचलायची आणि संध्याकाळी पांढरेशुभ्र तांदूळ आणून टाकायची. त्या हंगामात वहिनीच्या गिरणीचा पट्टा दुपारनंतर थांबू लागला.

मी मोहाडीला तहसील कचेरीत कारकून होतो, नुकताच निवृत्त झालेलो. घरात शिकलेला मीच, त्यामुळे सल्ला देणं माझंच काम. मी सांगितलं, "वहिनी, मशीन विकून टाका. भैयाजी शेडसकट घ्यायला तयार आहेत. त्यांच्यापुढं आपला टिकाव लागत नाही."

वहिनी म्हणाली, "भाऊजी, एक महिना थांबा जी. आपलं गिऱ्हाईक कोन नेऊन राह्यला, थे मले पह्यले समजू द्या."

"कोण म्हणजे? भैयाजी!"

"तुमाले भैयाजीच दिसून राह्यला. मले अजून नाही समजलं."

तो महिना तिनं कसा घालवला, हे मी जवळून पाहिलं. बाजाराच्या दिवशी ती सिहोऱ्याला जायची आणि ओळखीच्या बाया गाठायची. "काहून वं, यंदा नाही आली भरडाले?" एवढंच विचारायची आणि ऐकत बसायची. कोणी म्हणालं, बोरा उचलायला घरी माणूस नाही. कोणी म्हणालं, ट्रॅक्टरवरची मशीन दारात येऊन भरडून देते. एकीनं सरळ सांगितलं, "आमी धान सगळं सरकारी खरेदी केंद्रावर देतो अन् रेशनचे तांदूळ खातो. भरडाचं राह्यलंच कोठी?"

मग एक दिवस ती स्वतःच गिऱ्हाईक होऊन भैयाजींच्या मिलमध्ये गेली. बरोबर घरच्या चिन्नोरचे दोन बोरे. चिन्नोर म्हणजे आमच्याकडचं बारीक, वासाचं धान. एका घरी शिजलं की शेजाऱ्याला कळतं. संध्याकाळी तांदूळ घरी आले. वहिनीनं मूठभर ताटात घेतले, नाकाशी नेले, बोटानं पसरले.

"हे आपल्या धानाचे नोहोत," ती म्हणाली. "अन् निम्मी तर कणी झाली."

दादा म्हणाला, "जाऊन भांड त्यायच्याशी."

"भांडू कायले? त्यानं मुद्दाम नाही केलं. त्याची मशीन एवढी मोठी हाय का दोन बोऱ्यानं तिचा घसा बी ओला होत नाही. दहा घरचं धान एकत्र टाकाच लागते. अन् बारीक दाना त्या मशीनले सोसत नाही." बोलता बोलता तिचा चेहरा उजळत गेला. "त्याले जे जमत नाही, थे आपल्याले जमते."

त्या संध्याकाळी ओसरीवर तिनं मला जे समजावलं, ते तीस वर्षांच्या कारकुनीत मला सुचलं नव्हतं. गिऱ्हाईक नेणारे एकटे भैयाजीच नव्हते. त्यांच्याशी आपली चढाओढ होती हे खरं, पण ट्रॅक्टरवाला नवा भिडू कालच आला होता, आणि ट्रॅक्टर असलेला कोणीही उद्या येऊ शकत होता. रेशनच्या तांदळानं तर भरडायची गरजच कमी केली होती. धानाचं टरफल काढणारे मशीनचे रबर रोल एकाच दुकानदाराकडे मिळायचे, म्हणून तो सांगेल तो भाव. आणि गिऱ्हाईक? त्याला चार दारं उघडी होती. आपल्याच दारात यावं असं काही कारण आपण त्याला दिलेलंच नव्हतं.

"जाडं धान सोडून देऊ," वहिनीनं निकाल दिला. "आपन फक्त वासाचं धान भरडाचं. एका घरचं एका वेळी, दुसऱ्याचा दाना मिसळाचा नाही."

दादा उठून उभा राहिला. "उरलेलं गिऱ्हाईक बी हाकलून देतेस का?"

"थे जाऊनच राह्यलं हाय जी. काय हातचं गेलं, थे पाह्यता तुमी. काय धरून ठेवता येते, थे मी पाहून राह्यली."

मलाही धाकधूकच वाटत होती. पहिले दोन महिने वाईट गेले. जाड्या धानाचे बोरे घेऊन आलेल्यांना वहिनी हात जोडून परत पाठवायची, आणि दादा आत खाटेवर कूस बदलायचा. पण ज्या दहा-बारा घरी चिन्नोर पिकत होतं, तिथं ती जाऊन आली. प्रत्येक घरचं धान भरडून झालं की मशीन उघडून, झाडून, धानाच्या मालकिणीला आत बोलावून दाखवायची, "पाह्य वं, एक दाना नाही राह्यला." रोल बदलायला ती स्वतः शिकली. आसपासच्या आणखी दोन छोट्या गिरणीवाल्यांना गाठून तिघांचे रोल एकदम नागपूरहून मागवायला लागली. दुकानदाराचा आवाज आपोआप मऊ झाला.

पुढच्या हंगामात त्या बायांच्या नातेवाइकांनी तांदूळ मागायला सुरुवात केली, तेव्हा वहिनी त्या घरांचं जास्तीचं चिन्नोर विकत घेऊन तांदूळ विकू लागली. नागपूरचा कैलाश नावाचा व्यापारी आला आणि म्हणाला, "बाई, जेवढं चिन्नोर भरडाल, सगळं मला द्या. दुसरीकडं बघायची गरजच नाही." मी मनात म्हटलं, नशीब उघडलं.

वहिनीनं त्याला चहा दिला आणि तिनातला एकच हिस्सा देऊ केला. तो गेल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "एकालेच सगळं देलं, तर उद्या भाव थो सांगन. मंग मी मालकीन का त्याची नौकर?"

यंदाच्या जानेवारीत एका सकाळी गिरणीपुढं मोटारगाडी थांबली. भैयाजी उतरले. मागं डिकीत चार बोरे.

"निर्मलाबाई, पोरीचं लग्न हाय. घरचं चिन्नोर हाय. माझ्या मिलमधे त्याची कणी होते. तुमी भरडून देसाल का?"

वहिनी म्हणाली, "देईन ना जी. पन तुमच्या आंधी दोन घरं हायेत. बसा, पानी प्या."

आणि आमच्या भागातला सर्वांत मोठा मिलवाला गिरणीत थांबलेल्या बायांशेजारी बाकावर दीड तास बसला. निघताना त्यांनी मशीन स्वतः वाकून पाहिली. "मी तुमची शेड इकत घेनार होतो," ते हसून म्हणाले.

"ठाऊक हाय," वहिनी म्हणाली. "म्हनूनच तुमची मिल पाह्याले आली होती मी."

त्यानंतर शेजारच्या गावची रुपा नावाची मुलगी आली. तिलाही अशीच गिरणी टाकायची होती. मी वहिनीला बाजूला घेऊन म्हटलं, "हिला शिकवाल तर उद्या तुमचंच गिऱ्हाईक तोडेल."

"कोनी ना कोनी टाकनच, भाऊजी. माझ्या हातानं शिकली तर धान मिसळनार नाही. वासाच्या तांदळाचं नाव खराब झालं, तर दोघीयचंबी बुडते."

महिनाभर रुपा वहिनीच्या हाताखाली राबली. तिच्या गिरणीच्या पूजेला आम्ही सगळे गेलो. नारळ कोणी फोडायचा असं विचारणं झालं तेव्हा रुपाचे वडील माझ्याकडे वळले. निवृत्त कारकून, वयानं मोठा माणूस. मी नारळ घेतला आणि वहिनीच्या हातात दिला. दादा धुळीपासून दूर, रस्त्यापलीकडे उभा होता. मोटार सुरू झाली तशी त्यानं मान तिरकी करून आवाज ऐकला आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "थे नारळ फोडनारी ना, माझी बायको हाय."