आईला फक्त तेवढाच वास यायचा

असलं काही मी कधी लिहीन, असं मला स्वतःलाच वाटलं नव्हतं. नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये मी काम करते. ओल्या कागदावर बिया मांडायच्या, किती उगवल्या ते बघायचं, रिपोर्ट द्यायचा. डबा खाताना कुणी भुताखेताच्या, संकेतांच्या गोष्टी काढल्या की मी उठून हात धुवायला जाणारी...

आई माझ्याकडेच असते. तीन वर्षांपूर्वी तापात तिचं वास घेणं गेलं, ते परत आलंच नाही. एकदा दूध करपून घरभर धूर झाला, तरी ती शेजारच्या खोलीत लसूण सोलत बसली होती. डॉक्टर म्हणाले, आता आशा धरू नका.

मागच्या हिवाळ्यात मी स्वतःसाठी एक परफ्यूम मागवला. नाशिकची एक बाई घरीच, एकटीच, मोजक्या बाटल्या बनवते. गुलाबाचा, पण अत्तरासारखा जड नाही – मऊ, गोडसर, पावडरचा नवा डबा उघडल्यासारखा. पहिल्याच दिवशी लावून स्वयंपाकघरात गेले, तर आईचा हात पोळीवरच थांबला.

"कमलताईची पावडर," ती म्हणाली. "शाळेत जाताना माझ्या गळ्याला लावायची ताई."

कमलमावशी ही आईची मोठी बहीण, वाटूरला राहायची. आजीच्या शेवटच्या आजारपणात कोण किती राबलं, यावरून दोघींचं बिनसलं आणि चौदा वर्षं बोलणं बंद होतं.

मला वाटलं, वास परत आला. हिंग, कापूर, लवंग, सगळं तिच्या नाकाशी धरलं. काहीच नाही. मग तिचे डोळे बांधले आणि कापसाचे बोळे केले – एकावर हा परफ्यूम, एकावर बाजारातलं गुलाबाचं अत्तर, बाकीच्यांवर पाणी. चार वेळा जागा बदलून ठेवले. चारही वेळा तिने बरोबर परफ्यूमचाच बोळा उचलला. अत्तर तिला कळलंसुद्धा नाही. इथपर्यंत काहीतरी शास्त्रीय कारण असेल, हे मी मान्य करते.

पण मग एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, तिचा ऑफिसात फोन आला.

"वैशू, घरी आलीस का गं?"

"नाही. का?"

"वास येऊ राह्यलाय. लई जवळ."

त्या दिवशी मी परफ्यूम लावलाच नव्हता. बाटली माझ्या पर्समध्ये होती आणि पर्स टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. मी उघडून पाहिली.

संध्याकाळी घरी गेले तर आई म्हणाली, "मला वाटूरला घेऊन चल. ताईला बघायचंय."

"इतकी वर्षं नाही आणि आत्ताच?"

"ते मला न्हाई सांगता येत. पण चल."

रविवारी जाऊ म्हणाले. त्या रविवारी रिपोर्ट अडकले होते, लॅबमध्ये जावं लागलं. म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की. आईने दाराशी भरून ठेवलेली पिशवी उचलून आत नेली.

पुढच्या रविवारी गेलो. मंठा रोडने तासाभराचा रस्ता. मावशीच्या सुनेने दार उघडलं आणि आईला पाहून दारातच रडायला लागली. आत मावशी पलंगावर पडलेली, नजर छताला लागलेली.

"लकवा मारला," सून म्हणाली. "मागल्याच्या मागल्या मंगळवारी. सकाळी अकरा वाजले असतील, भाजी निवडू राह्यल्या होत्या."

"काही बोलतात का?" मी विचारलं.

"मागल्या रविवारपर्यंत बोलत होत्या, बोबडं. कुसुमला बोलवा, कुसुमला बोलवा, एवढंच. तुमच्यापैकी कुणाचाच नंबर नव्हता आमच्याकडं. सोमवारी दुसरा झटका आला. मंग वाचाच गेली."

कुसुम म्हणजे माझी आई. आणि तो रविवार म्हणजे मी लॅबमध्ये गेले तो.

थोड्या वेळाने सून हळूच मला म्हणाली, "ताई, तुम्हाला बी गुलाबाचा वास येऊ राह्यला का? बारा दिवस झाले, चादरी दोनदा धुतल्या, जातच न्हाई."

येत होता. तोच, मऊ, गोडसर. मी काहीही लावलं नव्हतं, बाटली जालन्याला होती.

आई संध्याकाळपर्यंत मावशीचा हात धरून बसली. "ताई, मी आले. कुसुम." पुन्हा पुन्हा तेच. मावशीची नजर हलली नाही. नऊ दिवसांनी मावशी गेली.

त्या दिवसापासून आईला त्या परफ्यूमचाही वास येत नाही.

मी नाशिकच्या त्या बाईंना फोन केला. त्यांनी त्यात काय काय घालतात ते शांतपणे सांगितलं. वेगळं असं काहीच नव्हतं. डॉक्टर म्हणतात, आठवणीमुळे भास होतो. आईचं तसं असेलही. मग अकरा वाजताचं काय? आणि सुनेला, मला वास आला, आम्हाला कुठली आठवण होती? सगळ्यात जास्त हे छळतं – बोलावणंच होतं, तर मला का नाही आलं? गाडी तर मीच चालवते.

आईने मला एका शब्दानेही दोष दिलेला नाही. मागच्या आठवड्यात तिने आपणहून मनगट पुढे केलं, "लाव जरा." मी लावलं. तिने डोळे मिटून बराच वेळ नाकाशी धरलं.

"न्हाई," म्हणाली, आणि वरणाला फोडणी द्यायला उठली.