आईच्या गालाशी धरलेला कॅमेरा

घाटकोपरला सेकंडहँड कॅमेऱ्यांच्या दुकानात मी माझा पहिला डीएसएलआर घ्यायला गेले होते. बजेट बेताचं, त्यामुळे कुठला घ्यावा ते ठरत नव्हतं. शेजारी पंचविशीची एक मुलगी होती. तिलाही पहिलाच कॅमेरा हवा होता, लग्नाच्या ऑर्डरी घेण्यासाठी. मानखुर्दहून येताना ती आईलाही घेऊन आली होती.

आईला तिने दारातल्या स्टुलावर बसवलं. प्रत्येक कॅमेऱ्याने ती आईचा एक फोटो काढायची आणि साडीला ब्लाउजपीस लावून पाहावा तसा तो कॅमेऱ्यावरचा फोटो आईच्या काळ्यासावळ्या गालाशी धरायची. मग मान हलवायची. "दुसरा दाखवा."

दुकानदार वैतागला. "मॅडम, हा घ्या ना. स्किन एकदम गोरी येते."

"गोरी नको दादा. आई पाहिजे."

आई लाजली. "अगं, येऊ दे की जरा उजळ. काय बिघडतं?"

"तुझ्या लग्नात त्या फोटोवाल्याने केली होती ना उजळ? लहानपणी मी विचारायचे, पप्पांच्या शेजारी ही कोण बसलीय?"

शेवटी रबर झिजलेला एक जुना कॅमेरा मुलीने दोनदा गालाशी धरून पाहिला आणि तोच घेतला.

माझ्याही लग्नाच्या अल्बममध्ये अशीच एक गोरी बाई आहे.

"बोला, तुम्हाला कुठला दाखवू?" दुकानदाराने मला विचारलं.

मी त्या रिकाम्या स्टुलावर जाऊन बसले. म्हटलं, "कुठल्याही कॅमेऱ्याने आधी माझा फोटो काढा. आहे तशी."