ताईची परीक्षा

आमचे आण्णा श्रीगोंदा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. मच्छिंद्र त्यांचं नाव. उसाची गाडी लांबून येताना दिसली की नुसत्या बैलांच्या चालीवरून ते वजनाचा अंदाज सांगायचे आणि तो सहसा चुकायचा नाही. त्यांना सातवीनंतर शाळेतून काढून मळ्यात घातलं होतं. त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. पण इंजिनियर साहेबांची मुलं सुट्टीला कारखान्याच्या कॉलनीत आली की आण्णा सायकलवरून उतरून त्यांच्याकडे बघत राहायचे.

नगरला एक नावाजलेली शाळा होती. चौथीच्या मुलामुलींची परीक्षा घेऊन ती जिल्ह्यातून चाळीसजण निवडायची आणि वसतिगृहात ठेवून अकरावीपर्यंत शिकवायची. माझी थोरली बहीण रेणुका चौथीत गेली आणि आण्णांनी ठरवून टाकलं, हिला तिथं घालायचं. ही सत्तर सालची गोष्ट. मी तेव्हा दुसरीत होतो.

ताई हुशारच होती. तिचं तिला सोडलं असतं तरी ती निवडली गेली असती, असं पुढं सगळेच म्हणाले. आण्णांनी तिला सोडलं नाही. कुठूनकुठून जुन्या प्रश्नपत्रिका आणून त्यांनी त्या सुतळीनं शिवल्या. पहाटेचा भोंगा झाला की ताईला उठवायचं, तोंड धुताधुता पावकी-निमकी म्हणून घ्यायची, शाळेतून आली की गणितं, जेवताना राजधान्या. एखाद्या उत्तराला ती अडली तर आण्णा मारायचे नाहीत, ओरडायचेही नाहीत. ताटावरचा हात थांबवून तिच्याकडे बघत बसायचे. उत्तर येईस्तोवर घास तोंडात घालायचे नाहीत. ताईला त्याचीच धास्ती बसली होती. तिच्या मैत्रिणी दारात यायच्या, आण्णांना बघून परत जायच्या. पुढं पुढं त्या यायच्याच बंद झाल्या.

पौषात कधीतरी आई तिची वेणी घालत होती. मधेच तिचा हात थांबला. कानामागं रुपयाएवढी जागा उघडी पडली होती. ताई गणित करताना एकेक केस उपटत होती. आईनं ते दाखवायला आण्णांना बोलावलं.

"अवो, जरा हिकडं बघा. पोरीचं क्येस गेल्यात."

आण्णा प्रश्नपत्रिका काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"उष्णता झाली आसंल. खोबऱ्याचं तेल लाव. म्हैना ऱ्हायलाय फकस्त."

आईनं तेल लावलं. तेव्हाच आपण भांडायला हवं होतं, असं ती मरेपर्यंत म्हणत राहिली.

फेब्रुवारीत परीक्षा झाली. आण्णा रजा काढून ताईला एसटीनं नगरला घेऊन गेले. पेपर सुटल्यावर त्यांनी विचारलं, "समदं आलं का?" ताईनं मान हलवली. महिन्याभरात यादी लागली. त्यात तिचं नाव नव्हतं. राखीव यादीतही नव्हतं. त्यानंतर आण्णा ताईशी बोलेनासे झाले. रागावून नव्हे, काय बोलावं हेच त्यांना कळत नसावं. पण नऊ-दहा वर्षांच्या पोरीला त्यातला फरक कसा कळणार? आण्णा घरात आले की ती स्वयंपाकघरात जाऊन बसायची.

गळीत हंगाम संपत आला होता. एके दिवशी दुपारी काट्यावर काकासाहेब नावाचे एक मास्तर आले. त्यांचा ऊस त्या दिवशी गाड्यांतून आला होता आणि ते गाड्यांबरोबर आले होते. आण्णांना बघून ते थबकले.

"तुमीच ना हो नगरला मुलगी घिऊन आल्ता? परीक्षेला? मी त्या वर्गावर हुतो."

आण्णा म्हणाले, "व्हय. न्हाई जमलं तिला."

"जमलं न्हाई?" मास्तर जवळ आले. "आवो, तिनं कच्च्या कागदावर निम्म्या वेळात सगळी गणितं सोडवली. मी मागं उभा राहून बघितली, एक चूक न्हाई. आन उत्तरपत्रिकेवर नुस्तं नाव लिहून बसली. मी म्हनलं, बाळ, उतरवून काढ, लई वेळ हाय. तर मला काय म्हनली सांगू?"

मास्तरांनीच सांगितलं.

"म्हनली, सर, पास झाले तर तिथं पुन्हा असाच अभ्यास आसंल ना."

मागं गाड्यांची रांग लागली होती. गाडीवान ओरडायला लागले. आण्णा कुणाला काही न सांगता काट्यावरून उठले आणि चालत घरी आले. असं त्यांनी नोकरीत पूर्वी कधी केलं नव्हतं, पुढंही केलं नाही.

मी आणि ताई ओट्यावर बसलो होतो. आण्णांच्या वहाणा वाजल्या तशी ताई ताठ बसली आणि तिचे ओठ हलायला लागले. एकोणतीसचा पाढा. परीक्षा होऊन महिना उलटला होता, कुणी विचारलं नव्हतं, तरी ती म्हणत होती. आण्णांनी ते ऐकलं. ते तिच्याजवळ खाली बसले. वेणी बाजूला करून कानामागं बघितलं. तिथं बारीक लव उगवायला लागली होती. ताई घाबरून पाढा पुढं म्हणत राहिली. शेवटी ते एवढंच म्हणाले, "पुरं. आता न्हाई म्हनायचं." त्यांनी रडताना तोंड वळवलं. ते रडतात हे मी पहिल्यांदा बघितलं.

दोन वर्षांनी मी चौथीत आलो. बहात्तरचा दुष्काळ होता. ऊस शेतातच वाळला, कारखाना जानेवारीतच बंद पडला. आण्णा दिवसभर घरी असायचे, पण मला शिकवायला तयार नव्हते. त्या परीक्षेला बसायचं मीच ठरवलं होतं. मी पुस्तक घेऊन जवळ गेलो की ते उठून बाहेर जायचे. मला वाटलं, ताई हुशार म्हणून तिला शिकवलं, माझ्यात काही दम नाही. एकदा मी आईजवळ तसं म्हणून रडलो. ते आण्णांनी ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी ते ताईजवळ गेले. माझ्यादेखत तिला म्हणाले, "रेणू, कानिफला शिकवू का? तू म्हनशील तर."

ताई बारा वर्षांची होती.

"आर्धा तास," ती म्हणाली. "मी घड्याळ बघनार. आन जेवताना काय इचारायचं न्हाई."

तसंच झालं. रोज अर्धा तास. ताई दारात उभी राहायची आणि वेळ झाली की म्हणायची, "बास, आण्णा." गणित अर्धं राहिलं असलं तरी आण्णा वही मिटायचे. मला यायचं नाही तिथं ते हसून म्हणायचे, "ऱ्हाऊ दे, उद्या बघू." मी विटीदांडू खेळायला पळायचो. मी निवडला गेलो. चाळीसात एकोणचाळिसावा.

ज्या दिवशी पत्र आलं त्या दिवशी कॉलनीतली माणसं आण्णांना विचारायला आली, पोराचा अभ्यास कसा घेतला. आण्णांनी अर्ध्या तासाचं सांगितलं. मग म्हणाले, "ते रेणूनं ठरवलंय." ताई सगळ्यांना चहा देत होती. लोक गेल्यावर आण्णा तिला म्हणाले, "सातवीनंतर बी तिथं परीक्षा घिऊन मुली घेत्यात. तू बस पुन्हा. मी शिकवनार न्हाई, तुझं तू कर."

"नको, आण्णा."

"माझं चुकलं, रेणू."

ताई कपबशा गोळा करत म्हणाली, "मला म्हाईत हाय." ती रागावून बोलली नाही, आणि माफ केलं असंही म्हणाली नाही.

ताई तालुक्याला मॅट्रिक झाली आणि तारघरात लागली. तिच्या मुलांचा अभ्यास तिनं कधी घेतला नाही, ते काम तिच्या नवऱ्याकडे होतं. मी नगरला शिकून इंजिनियर झालो. आण्णा निवृत्त झाल्यावर माझ्याकडे राहायला आले. पाहुण्यांना ते माझं कौतुक सांगायचे आणि मला ते ऐकवत नसे, कारण माझ्या वाट्याला आलेले आण्णा ताईच्या वाट्याला आले असते तर ती यादीत कुठं असती, हे मलाही ठाऊक होतं आणि आण्णांनाही.