कुझुमीसान मीटर लावत नाहीत

ओसाकाच्या निप्पोनबाशीत कुझुमीसानांचं हातातल्या गेमयंत्रांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. अकरा वर्षं मी तिथे त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतो, म्हणून छातीठोक सांगतो, असा बढाईखोर ठोंब्या अख्ख्या गल्लीत दुसरा नाही. यंत्र चालू होत नाही म्हटलं की ते कानाशी धरून हलवतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. वीज तपासायच्या त्यांच्या मीटरच्या वायरींची गुंडाळी अजून सुटलेली नाही.

"खऱ्या कारागिराला वास येतो, नारिमात्सु," ते मला ऐकवतात. डोंबलाचा वास!

मार्चमध्ये हातानाकासान आले. जन्मभर ट्राम चालवून निवृत्त झालेला माणूस.

"चार्जिंगचा दिवाच लागत नाही हो. यातल्या गेममधलं गाव माझ्या बायकोनं वसवलंय. आता ती मलाही ओळखत नाही, पण त्यातलं आमचं घर बरोबर शोधते. तेवढं वाचवा."

कुझुमीसानांनी यंत्र हलवलं. "मुख्य बोर्ड गेला. नवा टाकतो. आतलं सगळं जाईल, इलाज नाही."

चार्जर बघितला नाही, बॅटरी बघितली नाही. चार्जिंगच्या खाचेजवळ तांदळाच्या कणीएवढा फ्यूज असतो. दिवा लागत नसला की आधी तो बघायचा; तेवढाच बदलला तर आतलं सगळं शाबूत राहतं. पण गिऱ्हाइकासमोर वरिष्ठाला खोडून काढायचं नाही, ही आमची रीत. मी मान खाली घातली. जेवण झाल्यावर, चहाच्या वेळी हळूच सांगू, असं ठरवलं.

जेवून आलो तर बोर्ड बदलून झालेला. गिऱ्हाइकाचं खासगी काही बाहेर जाऊ नये म्हणून जुन्या बोर्डाच्या मेमरीला आम्ही भोक पाडतो. आळशी कुझुमीसान तेवढ्याच कामात तत्पर. भोक पडलेल्या बोर्डाला मी मीटर लावलं. फ्यूज उडाला होता. बाकी वीज जायची वाट धडधाकट.

"आता कशाला तपासतोस? मेलेल्याची नाडी?" कुझुमीसान हसले.

दुसऱ्या दिवशी हातानाकासानांनी यंत्र चालू केलं. पडद्यावर नुसतं मोकळं माळरान आलं आणि खाली प्रश्न, तुमचं घर कुठे बांधायचं? मग त्यांनी यंत्र बंद केलं, मिठाईचा खोका काउंटरवर ठेवला आणि आम्हा दोघांना कमरेत वाकून नमस्कार केला.

"तुम्हाला फार त्रास दिला."

कुझुमीसानांनी खोका फोडून पहिला तुकडा मला दिला. मी निर्लज्जासारखा तो खाल्ला.