शनिवारी न मागितलेली रेकॉर्ड

शनिवारी हायमकाका कुणाकडे काही मागत नसत. त्यांच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरात तो शब्बाथ, विसाव्याचा दिवस: बटण दाबायचं नाही, व्यवहार करायचा नाही, दुसऱ्याला 'कर' म्हणूनही सांगायचं नाही. रोह्यात आमची भिंतीला भिंत. ते आमच्या ओटीवर बसून छताकडे बघत म्हणत, "आज घर लय गप हाय." मग मी आपणहून उठून आमच्या प्लेअरवर त्यांची एखादी रेकॉर्ड लावायची.

धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट सुटली की काका पेणच्या भंगारवाल्यांकडे खेपा घालत. सगळे कॅसेटी घेत होते, तेव्हा हे गॅरेजात ढणाढणा वाजवणाऱ्या, कुणी नावही न ऐकलेल्या पोरांच्या इंग्रजी रेकॉर्डी आणत. त्यांचा धाकटा भाऊ बेनी मुंबईत अशाच बँडमध्ये ड्रम वाजवायचा. एकच रेकॉर्ड निघाली आणि तो तापाने गेला. बँडचं नाव पोरं सारखी बदलत, त्यामुळे रेकॉर्डवर कुठलं छापलं ते काकांना ठाऊक नव्हतं. "चेहरा हाय डोळ्यांपुढं. आवाजच गेला गो," म्हणत. शोधता शोधता त्या आरडाओरड्याची त्यांना गोडी लागली होती, पण कबूल करतील तर शपथ.

काकांची कायमचं इस्रायलला जायची तिकिटं आली त्याच आठवड्यात, नेमका शनिवारी, पेणचा एक भंगारवाला रेकॉर्डींचा गठ्ठा घेऊन आमच्या दारात आला. "टेम्पो थांबलाय. लवकर ऐका."

मी एकेक लावत गेले. तिसरीवर आधी खरखर, मग एक कोवळा आवाज: "येक, दोन, तीन, चार." आणि इंग्रजी किंचाळणं सुरू झालं.

काका उठून उभे राहिले. "बेनी. गाणी इंग्रजी, पण मोजायचा मराठीत."

"घेताय का? नायतर बांधतो," भंगारवाला म्हणाला.

काकांनी ओठ घट्ट मिटले. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मला त्यांचा भयंकर राग आला. भंगारवाल्याने गठ्ठ्याला सुतळी गुंडाळायला घेतली, तशी मी न्हाणीतून माहेरचं पितळी घंगाळ आणून त्याच्यापुढे आदळलं. "हे ने. ती रेकॉर्ड ठेव."

काका तसेच घरी गेले. मी दिवसभर धुमसत होते.

चांदण्या दिसू लागल्या, शब्बाथ संपला, तसे ते पुन्हा दारात आले. "आता मागतो गो. लाव."

मी लावली. मोजणं संपून गाणं सुरू झालं, तसा त्यांनी हात वर केला.

"गाणं नको. तेवढं मोजणंच परत लाव."