आईला कळलेला शब्द

मंडळी, आज मी आईशी खोटं बोलले आणि पकडली गेले.

फुलचूरला घरीच माझी इंग्रजीची ट्यूशन असते. पोरांना मी रोज सांगते, शब्दाआधी 'अन' किंवा 'इन' लागलं की अर्थ उलटा होतो. कधीच शाळेत न गेलेली आई बाजूला तांदूळ निवडत बसते.

आज दवाखान्यात डॉक्टर तिच्या पोटातल्या गाठीला 'इनऑपरेबल' म्हणाले. बाहेर येऊन मी आईला म्हटलं, "ऑपरेशन करतील, बरी होशील."

चप्पल घालता घालता ती म्हणाली, "त्यानं आधी 'इन' लावलं ना व? मंग कायले लबाड बोलून राहिली?"

संध्याकाळी पोरं आली. आई सूप घेऊन नेहमीच्या जागी बसली. म्हणाली, "शिकव, मी आयकून राहिली."

सांगा, तुम्ही काय शिकवलं असतं?